संदर्भांचा गणवेश

प्रबंधाच्या शेवटच्या चार पानांइतकी दुर्लक्षित पाने दुसरी नसतील, आणि त्यांच्याइतकी छळणारीही नसतील. प्रकरणे लिहून होतात, मार्गदर्शकांच्या नजरेखालून जातात, ऋणनिर्देशात आईवडिलांपासून ग्रंथपालांपर्यंत सर्वांचे आभार मानून होतात. आणि मग 'संदर्भसूची' नावाचे प्रकरण समोर उभे राहते. लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी? साल कंसात की शेवटी? ग्रंथाचे नाव तिरप्या अक्षरांत की अवतरणचिन्हांत? प्रकाशकाच्या आधी स्वल्पविराम की पूर्णविराम? या प्रश्नांपायी आपल्यापैकी कित्येकांनी रात्री जागवल्या आहेत. मला आज या स्वल्पविरामांबद्दलच लिहायचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या मराठी ग्रंथांच्या मानाचा व स्थानाचा आहे, असे माझे मत आहे.

मुळात संदर्भ कशासाठी द्यायचा? एक तर ऋण मान्य करण्यासाठी. दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचे नाव सांगणे हा साधा प्रामाणिकपणा झाला. पण त्याहून महत्त्वाचे दुसरे कारण आहे. संदर्भ देणारा लेखक वाचकाला जणू म्हणत असतो, "माझ्या शब्दावर विसंबू नका, ही वाट घ्या, हे पान उघडा आणि स्वतः खात्री करून घ्या." आपल्या इतिहास-संशोधकांना हे पुरते ठाऊक होते. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली ती प्रत्येक कागदाला लेखांक देऊन. म्हणूनच आजही 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक' एवढे लिहिले की कोणीही तो कागद काढून पाहू शकतो. तेव्हा संदर्भाचे गुण दोनच : तो खरा असला पाहिजे आणि त्यावरून मूळ वस्तू सापडली पाहिजे. स्वल्पविराम कोठे पडतो हा तिसरा आणि पुष्कळ खालचा प्रश्न आहे. आपल्या विद्यापीठीय व्यवहारात मात्र हा तिसराच प्रश्न पहिल्या खुर्चीवर बसला आहे.

त्याला ऐतिहासिक कारणे आहेत. लेखकाचे नाव आणि साल कंसात देण्याची जी पद्धत 'हार्वर्ड' नावाने ओळखली जाते, तिचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधात सांगतात. आणि तो निबंध कशावर, तर बिनशंखाच्या एका गोगलगाईच्या भ्रूणविकासावर! पुढे शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ मध्ये आपली नियमावली पुस्तकरूपाने काढली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे नियम १९२९ मध्ये प्रथम आले, ते एका नियतकालिकातील अवघ्या सात पानांचे होते. आज त्याचा जाडजूड ग्रंथ झाला असून २०१९ मध्ये त्याची सातवी आवृत्ती निघाली. भाषा-साहित्यवाल्यांच्या संघटनेची नियमपत्रिका १९५१ ची. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले आणि त्यांची पद्धत त्या शहराच्या नावाने रूढ झाली. प्रत्येकाने आपापल्या घरापुरती शिस्त लावली, ते योग्यच झाले. परंतु घरे वाढत गेली. आज संगणकासाठी नोंदवलेल्या निरनिराळ्या नियतकालिकांच्या संदर्भशैली मोजू लागलो तर त्या दहा हजारांच्या वर भरतात. त्यांतल्या पुष्कळशा एकमेकींची केवळ नावे बदललेली भावंडे आहेत हे खरे, तरीही संख्या छाती दडपून टाकणारी आहे.

एक उदाहरण घेऊ. इरावती कर्वे यांचा 'युगान्त' आपल्या सर्वांच्या परिचयाचा. मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीने त्याची नोंद अशी होते : 'कर्वे, इ. (१९६७). युगान्त. देशमुख आणि कंपनी.' साहित्यवाल्यांच्या पद्धतीने : 'कर्वे, इरावती. युगान्त. देशमुख आणि कंपनी, १९६७.' व्हँकूव्हरच्या पद्धतीने : 'कर्वे इ. युगान्त. पुणे: देशमुख आणि कंपनी; १९६७.' पुस्तक तेच, लेखिका तीच, साल तेच. बदलला तो फक्त गणवेश. एका शाळेत निळी चड्डी, दुसरीत खाकी, मुलगा तोच. आता मला सांगा, निबंध एका नियतकालिकाने नाकारला म्हणून दुसऱ्याकडे पाठवायचा, तर पन्नास-साठ मुलांचे कपडे एकेक करून बदलत बसणे हे संशोधकाचे काम आहे काय? मुळीच नाही. ते यंत्राचे काम आहे, आणि सुदैवाने यंत्राला ते चाळीस वर्षांपासून येत आहे.

हे यंत्र म्हणजे लाटेक आणि त्याचा जोडीदार बिबटेक. (लाटेकला कोणी लेटेकही म्हणतात, भांडण नको.) अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून वाईट वाटले. जुन्या खिळ्यांच्या जुळणीचा डौल नव्या पद्धतीत उरला नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःच 'टेक' ही जुळणीची प्रणाली रचली आणि सर्वांना फुकट वापरू दिली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक' उभारले. त्यांचे त्यावरील पुस्तक १९८६ मध्ये आले. याच सुमारास, १९८५ मध्ये, ओरेन पताश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्या सहकार्याने 'बिबटेक' तयार केला. हे सारे गणितवाल्यांचे, आपल्या कला शाखेला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण अर्थशास्त्राची आणि भाषाविज्ञानाची कितीतरी नियतकालिके आज लाटेकमधील निबंध स्वीकारतात. भाषाविज्ञानाचे ग्रंथ सर्वांना खुले करून देणारी बर्लिनची लँग्वेज सायन्स प्रेस आपली पुस्तके लाटेकमध्येच जुळवते. त्यामुळे ही विद्या आता आपल्याही अंगणात आली आहे.

बिबटेकची कल्पना साधी आणि फार शहाणपणाची आहे. ग्रंथाची माहिती एका फाइलीत ठेवायची : लेखक कोण, नाव काय, प्रकाशक कोण, साल कोणते. प्रत्येक बाबीला वेगळा रकाना आणि प्रत्येक ग्रंथाला आपण ठरवलेले एक खुणेचे नाव. तिथे स्वल्पविराम-पूर्णविरामांचा विचारच नाही. त्यांचा विचार दुसऱ्या फाइलीत, म्हणजे शैलीच्या फाइलीत. निबंध लिहिताना आपण फक्त खुणेच्या नावाने ग्रंथाचा उल्लेख करायचा. मग लाटेक एकदा चालवले की कोणकोणते ग्रंथ मागितले आहेत याची यादी ते लिहून ठेवते. बिबटेक ती यादी वाचून माहितीच्या फाइलीतून तेवढेच ग्रंथ उचलतो, शैलीच्या फाइलीप्रमाणे त्यांना कपडे घालतो आणि सूची सिद्ध करतो. त्यानंतर लाटेक आणखी दोनदा चालवले की सूची आणि मजकुरातील क्रमांक आपापल्या जागी बसतात. नियतकालिक बदलले? शैलीच्या फाइलीचे नाव असलेली एक ओळ बदला. साठ मुलांचे गणवेश क्षणात बदलतात.

यात सोयीपलीकडचा एक नैतिक लाभ आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. मजकुरात उल्लेख नसलेला ग्रंथ सूचीत आपोआप येत नाही. न वाचलेल्या, नुसत्या कपाटात पाहिलेल्या ग्रंथांची नावे घालून सूची फुगवण्याची जी कला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिला इथे आळा बसतो. (मुद्दाम सर्व नोंदी ओढून आणण्याची एक आज्ञा आहे, पण ती लिहिताना माणसाला आपण काय करत आहोत हे कळतेच.) उलट, ज्याचा उल्लेख केला पण ज्याची माहिती नोंदवलेली नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह छापून येते. प्रबंधाच्या पानावर उमटलेले ते ठळक प्रश्नचिन्ह कोणत्याही परीक्षकाच्या भुवईपेक्षा जास्त बोलके असते.

प्रत्यक्ष नियतकालिकाच्या शैलीशी जुळवून घ्यायचे कसे, हे थोडक्यात सांगतो, कारण अनेकजण इथेच अडतात. पहिली गोष्ट, त्या नियतकालिकाने स्वतःची शैलीची फाइल दिली आहे का हे पाहावे. असेल तर तीच वापरावी आणि आपली हुशारी बाजूला ठेवावी. नसेल तर पॅट्रिक डेली यांचे 'नॅटबिब' हे साधन घेऊन लेखक-साल की अंक, कंस गोल की चौकोनी, एवढे ठरवून टाकावे. त्यानेही भागले नाही तर याच डेली यांनी केलेले एक प्रश्नोत्तरी साधन आहे. ते एकामागून एक विचारत जाते : आडनाव आधी हवे का, साल कोठे, किती लेखकांनंतर 'आणि इतर' म्हणायचे, आपण उत्तरे देत गेलो की शेवटी आपल्या मापाची शैली शिवून मिळते. कारण बिबटेकची शैली स्वतः लिहायची म्हणजे उलट्या क्रमाने बोलणारी एक विचित्र भाषा शिकावी लागते; आधी वस्तू सांगायच्या आणि मग त्यांचे काय करायचे ते. त्यापेक्षा फिलिप लेमन यांनी २००६ च्या सुमारास सुरू केलेले 'बिबलाटेक' आणि त्याचा जोडीदार 'बायबर' पुष्कळ सोपे, कारण त्यात फेरफार लाटेकच्याच आज्ञांनी होतात; नियतकालिकाला ते चालते की नाही एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. आणि एक पथ्य : यंत्राने तयार केलेली सूची हाताने दुरुस्त करू नये. पुढच्या वेळी यंत्र चालले की ती दुरुस्ती पुसली जाते. दुरुस्ती करायची ती माहितीत किंवा शैलीत. मुळाला पाणी घालावे, पानांना नव्हे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी यंत्राचा भाट झालो आहे. तसे नाही. माझे खरे म्हणणे यापुढेच सुरू होते. ही यंत्रे आणि या शैली ज्यांनी घडवल्या, त्यांच्यासमोर स्मिथ, जोन्स आणि म्युलर होते. तुकोबा आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. पण आपण त्यांचा गणवेश डोळे मिटून अंगावर चढवला की काय होते ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट नावांची. बिबटेक नावातला शेवटचा शब्द आडनाव समजतो. आता 'तुकाराम महाराज' असे लिहा, की महाराजांचे आडनाव 'महाराज' होते आणि सूचीत ते 'महाराज, तु.' म्हणून 'म'च्या रांगेत जाऊन बसतात! ज्ञानेश्वर, जनाबाई, चोखामेळा, लोकहितवादी, कुसुमाग्रज, ग्रेस, या कोणालाच आडनावाचा रकाना मानवत नाही. मालतीबाई बेडेकर लग्नापूर्वी बाळूताई खरे होत्या आणि 'कळ्यांचे निःश्वास' या १९३३ सालच्या पुस्तकावर नाव आहे विभावरी शिरूरकर. म्हणजे व्यक्ती एक आणि नावे तीन. यंत्राला हे कोणीतरी सांगावे लागते. संपूर्ण नाव दुहेरी महिरपी कंसात घातले की यंत्र त्याचे तुकडे करत नाही, हा त्यावरचा साधा उपाय. पण तो किती जणांना ठाऊक आहे?

दोन लेखकांचे नाव देताना तर आणखी मौज होते. त्यांच्यामध्ये इंग्रजीतला 'अँड' हा शब्द रोमन लिपीतच असावा लागतो. महाराष्ट्र शब्दकोशाच्या संपादकांपैकी दोघांची नावे आपण सरळ मराठीत 'यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे' अशी लिहिली, तर बिबटेक समजतो की हे कर्वे आडनावाचे एकच गृहस्थ असून 'यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश' हे त्यांचे पाळण्यातले नाव आहे.

दुसरी गोष्ट आद्याक्षरांची. आपण नावाचे आद्याक्षर घेतो ते उच्चारासकट घेतो. पुरुषोत्तमाचा 'पु.' होतो, 'प.' नाही, चिंतामणाचा 'चिं.' होतो, श्रीधर व्यंकटेश केतकर हे 'श्री. व्यं.' होतात आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर हे 'त्र्यं. शं.' होतात. जुना बिबटेक मात्र अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आजच्या प्रचलित संकेतनात तीन बाइटांचे असते. बिबटेक त्यातला पहिलाच बाइट आद्याक्षर म्हणून तोडून घेतो आणि हाती एक निरर्थक तुकडा येतो. जी साधने एकेक चिन्ह मोजतात तीही 'त्र्यंबक'चा नुसता 'त.' करून मोकळी होतील. 'त. शं. शेजवलकर' हे कोण, असे इतिहासाचा विद्यार्थी विचारील.

तिसरी गोष्ट क्रमाची. आपण बालवर्गात वर्णमाला म्हटली ती ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपवून. संगणकातील चिन्हांच्या निव्वळ अनुक्रमांकांवर विसंबले तर 'ळ' येतो 'ल'च्या शेजारी, समीक्षक श्री. के. क्षीरसागर जाऊन बसतात 'क'मध्ये आणि ज्ञानेश्वर 'ज'मध्ये. यावर उपाय आहे. युनिकोडच्या मराठीसाठीच्या क्रमात ळ, क्ष, ज्ञ यांना शेवटची जागा दिलेली आहे आणि बायबरला भाषा मराठी आहे असे सांगितले तर तो ती पाळतो. म्हणजे तंत्र आड येत नाही. आड येते ती आपली उदासीनता.

चौथी गोष्ट कालाची. जुन्या मराठी ग्रंथांवर शके असते. शके १८०२ हा आकडा सालाच्या रकान्यात तसाच भरला तर यंत्र ते इसवी सन १८०२ समजणार आणि १८८० चे पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होणार. त्यातही पुस्तक पौष-माघातले असेल आणि जानेवारी उजाडला असेल, तर अठ्ठ्याहत्तरऐवजी एकोणऐंशी मिळवायचे, हे गणित यंत्राला कोण शिकवणार? आणि दिवाळी अंक? महिन्याच्या रकान्यात 'दिवाळी' नावाचा महिना इंग्रजांना माहीत नाही. राजवाड्यांच्या लेखांकालाही रकाना नाही. तो टिपेत कोंबावा लागतो. इंग्रजीत सूची दिली तरी सुटका नाही : बिबटेकच्या मूळ शैली लेखाच्या शीर्षकातील पहिला शब्द सोडून बाकीची मोठी अक्षरे लहान करतात, त्यामुळे 'महाराष्ट्र' आणि 'मराठी' ही विशेषनामेही सामान्यनामांसारखी लहान लिपीत येतात. शब्दाला महिरपी कंस घातला तरच त्यांची प्रतिष्ठा शाबूत राहते.

आता कोणी म्हणेल, ही रडगाणी किरकोळ आहेत. ती किरकोळ नाहीत, हे मला एका प्रसंगाने पटले. आमच्याबरोबर शिकणाऱ्या एका मैत्रिणीने जात्यावरच्या ओव्यांवर इंग्रजीत एक चांगला निबंध लिहिला आणि बाहेरच्या एका नियतकालिकाकडे पाठवला. काही दिवसांनी तो परत आला. आशयाबद्दल एक अक्षर नाही. सूची आमच्या शैलीत नाही, पंधरा दिवसांत दुरुस्त करा, एवढेच. तिने त्यांची शैलीची फाइल घेतली. इंग्रजी नोंदी मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या. मराठी नोंदी मात्र एकेक करून अडू लागल्या. एका पुस्तकावर साल नाही. एकावर 'आवृत्ती दुसरी' आहे पण पहिली केव्हाची ते नाही. एका संग्राहक बाईंचे आडनावच दिलेले नाही. एक लेख एका जुन्या मासिकाच्या दिवाळी अंकातला, त्याला खंडाचा क्रमांक नाही. प्रत्येक ठिकाणी यंत्र कुरकुर करू लागले. मुदत जवळ येत चालली. अखेर तिने अर्ध्याहून अधिक मराठी नोंदी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी तीच गोष्ट सांगणारे इंग्रजी संदर्भ घातले. निबंध छापून आला, आम्ही सर्वांनी तिचे अभिनंदन केले. पण आज तो निबंध परदेशात कोणी वाचला, तर त्याचा असा ग्रह होईल की मराठी ओव्यांबद्दल मराठीत फारसे कोणी काही लिहिलेलेच नाही. ज्या बायांनी गावोगाव फिरून त्या ओव्या वेचल्या, त्यांची नावे गळली ती त्यांचे काम कमी प्रतीचे होते म्हणून नव्हे. एका रकान्यात ती मावली नाहीत म्हणून.

मी तिला दोष देत नाही. पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणीही हेच केले असते. माझे म्हणणे एवढेच की स्वल्पविरामांचा आग्रह असा बोलता बोलता ग्रंथांची निवड करू लागतो. ज्यांची माहिती नीटनेटकी आणि इंग्रजी, त्यांना सूचीत जागा. ज्यांची अपुरी आणि मराठी, त्यांना दार बंद. आणि ज्याचा उल्लेख होत नाही तो ग्रंथ पुढचा विद्यार्थी शोधतही नाही.

यावर आपल्या काही प्राध्यापकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतात, "हाताने सूची केल्याने विद्यार्थ्याला शिस्त लागते. सगळे यंत्रावर सोपवले तर तो आळशी होईल." या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. शिस्त हवी ती माहिती गोळा करण्यात : पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठाच्या मागचे पान वाचणे, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक ओळखणे, 'पुणे ३०' लिहिलेला पत्ता पाहून प्रकाशक कोण हे नीट टिपणे. ही शिस्त यंत्र लावू शकत नाही आणि हिच्यातून सुटकाही देत नाही. आंतरजालावरून आयत्या उचललेल्या नोंदी किती चुकीच्या असतात, हे ज्याने एकदा पुस्तकाशी ताडून पाहिले त्याला सांगायला नको. परंतु पूर्णविराम कंसाच्या आत की बाहेर, यात कसली आली आहे शिस्त? ती हमाली आहे. हमालीला शिस्त म्हणू नये. शिवाय ज्या नियमांचा एवढा धाक घालायचा, ते तरी कोठे स्थिर आहेत? ग्रंथाच्या प्रकाशनस्थळावाचून नोंद अपुरी, असे आम्हाला बजावले जाते. इकडे मानसशास्त्रज्ञांनी २०१९ च्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ काढून टाकले आणि २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत शिकागोवाल्यांनीही आधुनिक ग्रंथांपुरता तो आग्रह सोडला.

तेव्हा माझ्या सूचना मांडतो. त्या आपल्या महाविद्यालयाच्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली सूचना, आपल्या ग्रंथालयातील मराठी ग्रंथांची एक सामाईक माहितीची फाइल तयार करावी. प्रत्येक नोंद कोणीतरी पुस्तक हातात घेऊन तपासलेली असावी. शके असेल तर शकेही लिहावे आणि इसवी सनही. टोपणनाव असेल तर तेच मुख्य ठेवून खरे नाव टिपेत द्यावे. नावे पूर्ण लिहावीत, कारण पूर्ण नावावरून यंत्र कधीही आद्याक्षर करील, पण आद्याक्षरावरून पूर्ण नाव कोणालाच करता येणार नाही. एकेका वर्गाने एकेक कपाट वाटून घेतले तर दोन-तीन वर्षांत हे काम होईल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली तेव्हा त्यांच्या मदतीला संगणक नव्हता. आपल्याजवळ तो असून आपण स्वस्थ बसलो, तर पुढची पिढी आपल्याला काय म्हणेल?

दुसरी सूचना मराठी नियतकालिकांच्या संपादकांना. भाषाविज्ञानाच्या नियतकालिकांच्या संपादकांनी २००७ मध्ये एकत्र येऊन एक समान संदर्भशैली ठरवली. तिच्यात त्यांनी निरर्थक विरामचिन्हांना फाटा दिला आणि लेखकांची नावे पूर्ण देण्याचा आग्रह धरला. हेच मराठीत का होऊ नये? आज एका मराठी मासिकात 'तत्रैव' चालते, दुसऱ्यात 'उ. नि.' हवे असते, तिसऱ्यात दोन्ही वर्ज्य. सगळ्यांनी मिळून एक पद्धत ठरवावी. नावे आपल्या रीतीने, आद्याक्षरे आपल्या उच्चाराने, क्रम आपल्या वर्णमालेचा, आणि शके, लेखांक, दिवाळी अंक यांना हक्काची जागा. एकदा पद्धत ठरली की तिची शैलीची फाइल करणे आपल्यातल्या एखाद्या संगणक जाणणाऱ्याला अवघड नाही. ज्यांना लाटेकची भीती वाटते त्यांच्यासाठी २००६ पासून झोटेरोसारखी साधने आहेत. ती नेहमीच्या लेखनप्रणालीत हेच काम करतात आणि तीही मोफत. साधन कोणतेही घ्या, माहिती वेगळी आणि गणवेश वेगळा हे तत्त्व मात्र सोडू नका.

तिसरी सूचना प्राध्यापकांना, आणि ती मी नम्रपणे करतो. आमचे प्रबंध तपासताना स्वल्पविराम मोजू नका. त्याऐवजी सूचीतील कोणत्याही तीन नोंदी निवडा आणि विद्यार्थ्याला सांगा, "हे पुस्तक आण आणि तू म्हणतोस ते पान दाखव." ज्याला ते दाखवता आले त्याची सूची उत्तम, मग तिच्यात पूर्णविराम दोन कमी असले तरी चालतील. बाहेरची काही नियतकालिकेदेखील आता पहिल्या वेळी कोणत्याही सुसंगत पद्धतीतली सूची स्वीकारतात आणि गणवेशाचा प्रश्न निबंध पसंत पडल्यावरच काढतात. आपण त्यांच्यापेक्षा अधिक कडक का असावे?

आणि शेवटचे सांगणे माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांना. तुमचा एखादा मराठी ग्रंथ शैलीच्या साच्यात बसत नसेल, तर ग्रंथ काढू नका, साचा बदला. तो बदलता येतो. टिपेचा रकाना आहे, महिरपी कंस आहेत, शैलीची फाइल आहे, आणि काहीच नाही जमले तर संपादकाला दोन ओळींचे पत्र आहे : 'या पुस्तकावर साल नाही, पण पुस्तक आहे, मी ते वाचले आहे आणि त्यावाचून माझा निबंध उभा राहत नाही.' असे पत्र मिळाल्यावर कोणी शहाणा संपादक नाही म्हणेल असे मला वाटत नाही. म्हणालाच, तर निबंध दुसरीकडे पाठवावा. शैलीची एक ओळ तर बदलायची!